हितेंद्रचे डॉलर

८ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांनी बीपीसाठी सांगितलंय, मनातलं रोज लिहून काढा. मनात काही नाही. तरी लिहितो.

गणपतीत सगळे जमलेले असताना बाबांनी ट्रंक उघडली. ते बोटीवर खलाशी होते तेव्हा अमेरिकेहून चार चांदीचे डॉलर आणले होते. ते काढले. दोन मला, दोन धाकट्या हितेंद्रला. कुठले कुणाचे हे आमच्या लहानपणापासून ठरलेलं आहे. आता फक्त हातात दिले. म्हणाले, विकूचे तर आधी किंमत इचारून घेवा.

माझे दोन काळे. हितेंद्रचे दोन लखलखीत. कारण दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आधी आई हितेंद्रचे डॉलर चिंच लावून घासायची. माझ्या डॉलरना तिने उभ्या जन्मात बोट लावलं नाही. मी हे कधी बोलून दाखवलेलं नाही. हेवा माझ्या स्वभावात नाही. फक्त लक्षात राहिलंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

ठरलं. डॉलर विकायचे, पण खरी किंमत काढून मगच. पद्धतशीर. पितृपक्ष चालू आहे, त्यात विक्री नकोच. म्हणजे संशोधनाला पंधरा दिवस मिळाले. लोक घाई करतात आणि फसतात. मी घाई करत नाही.

मोबाइलवर बघितलं. अमेरिकेत एका जुन्या डॉलरला लिलावात कोट्यवधी रुपये आलेत. फोटोही होता. अगदी चकचकीत. हितेंद्रच्यासारखा.

जेवण गेलं नाही. बायकोने, कालिंदीने, विचारलं, बरं नाही का? म्हटलं, उकडतंय.

११ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसातून परस्पर परळला, हितेंद्रच्या टॉवरमध्ये. सहज. त्याच्या लिफ्टमध्ये आरसा आहे. अठरा मजले माणसाने स्वतःकडे बघत उभं राहायचं. मला पटलं नाही. घोडपदेवला आम्ही जिन्याने जातो, प्रकृतीला तेच चांगलं.

हितेंद्र मीटिंगमध्ये होता. त्याच्या बायकोला, प्रितीला, डॉलर काढायला लावले आणि दोन्ही बाजूंनी फोटो घेतले. आठवण म्हणून, असं सांगितलं. ती म्हणाली, भावोजी, तुमचे काळे आहेत ना, ते मला भारी वाटतात. मोठ्या घरच्या बायकांना असं समोरच्याला बरं वाटेल ते बोलायची सवय असते.

१३ सप्टेंबर, शनिवार

गिरगावात एका जुन्या सराफाकडे गेलो. फोटो दाखवले. तो म्हणाला, फोटो वजनकाट्यावर कसा ठेवू? नाणं आणा, चांदीच्या भावाने सांगतो. भाव सध्या खूप चढलाय. मग म्हणाला, तुमच्याकडे स्वतःची आहेत का? म्हटलं, आहेत, पण आधी ह्यांचं सांगा. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सराफाला नाण्यातलं कळत नाही, हा पहिला निष्कर्ष. चांदीचा भाव चढलाय, हा दुसरा. म्हणजे घरबसल्या हितेंद्रचे पैसे वाढले. त्याचं हे असंच असतं. तो झोपलेला असला तरी त्याचं काहीतरी वाढत असतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसातल्या लॉयडला फोटो दाखवले. त्याचे सिल्वेस्टर अंकल भायखळ्याला राहतात. आयुष्यभर नाणी जमवली, लोकांना किमती सांगतात. लॉयड म्हणाला, मेन, रविवारी नेतो तुला. पण तुझे पण आण ना. म्हटलं, बघू.

घरी कालिंदीही तेच. आपल्या डॉलरची किंमत का नाही विचारत? म्हटलं, प्रश्न आपल्या डॉलरचा नाहीच आहे. मग कुणाच्या, म्हणाली. तिला संशोधन समजत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

केवळ अभ्यास पूर्ण व्हावा म्हणून माझे डॉलर बाबांच्या भिंगाखाली धरले. काळेकुट्ट. मागच्या बाजूच्या गरुडाच्या खाली दोन बारीक अक्षरं. सी सी. दोन्हींवर तीच. हितेंद्रच्या फोटोत तिथे काही नाही, एकदम स्वच्छ.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मिलमध्ये सेकंडच्या मालावर शिक्का मारायचे, तशातलाच हा प्रकार. म्हणजे थोरल्या मुलाला सेकंडचा माल आणि धाकट्याला फर्स्ट. आणि हे गेली पन्नास वर्षं.

बाबा बाजूला बसून चहा पीत होते. मी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. त्यांना मोतीबिंदू आहे, लक्षात आलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्लॅन तयार. अदलाबदल. अदलाबदल म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे पितृपक्षाची आडकाठी नाही. हितेंद्रला सांगायचं की तुझ्या घराला जुन्या वस्तूंचा लुक चांगला दिसेल, तू काळे ठेव, मी आपला साधा माणूस, मला घासलेले चालतील. त्याला वाटलं पाहिजे की मी त्याग करतोय. बाथरूममध्ये दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

२० सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी सहा

झालं. हितेंद्र आधी का-कू करत होता. म्हणाला, दादा, एकदा बाबांना विचार. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला त्रास. तेवढ्यात प्रिती आतून म्हणाली, घ्या ना, भावोजी एवढं म्हणतायत तर. आणि हितेंद्रने दिले. त्याग वगैरे बोलायची वेळच आली नाही. परळहून घोडपदेवपर्यंत चालत आलो. एक हात सतत खिशात. आयुष्यात पहिल्यांदा हितेंद्रची वस्तू माझ्याकडे आहे.

त्याच दिवशी, साडेसात

प्रिती लगेच हो का म्हणाली?

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळी

झोप लागली नाही. प्रिती फुकट हो म्हणणाऱ्यांतली नाही. काळे म्हणजे जुने. जुने म्हणजे मौल्यवान. हे मला आधी का सुचलं नाही? सुचलं असतं, पण तेव्हा ते माझ्याकडे होते.

२१ सप्टेंबर, दुपारी

लॉयडबरोबर भायखळ्याला. सिल्वेस्टर अंकल पांढऱ्या गंजीत बसले होते. त्यांची बायको मॉड आंटी. तिने कोकम सरबत दिलं, आमच्यापेक्षा चांगलं करते. अंकलनी डॉलर भिंगाखाली धरले आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, कोणी घासला रे हे? नाण्यावरच्या बाईचं तोंड पुसून टाकला पूर्ण. आता ह्याला नाण्याचा भाव नाय, फक्त चांदीचा.

म्हटलं, समजा, केवळ समजा, न घासलेले असते? काळे? आणि खाली सी सी?

अंकलनी भिंग खाली ठेवलं. लॉयडला म्हणाले, पंखा कमी कर. मग मला विचारलं, दोन सी? नक्की? ती एका जुन्या टांकसाळीची खूण आहे, तसे कमी सापडतात. न घासलेले असतील तर एकेक ह्या दोघांच्या कित्येक पट. कोणाला देऊ नको, पुसू पण नको, तसेच घेऊन ये.

मला सांगावं लागलं की ते भावाचे आहेत.

अंकल म्हणाले, मग तुझा भाऊ लकी आहे, मेन.

हे वाक्य मला लहानपणापासून वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलंय. शाळेतल्या बाईंनी, गावच्या काकाने, आमच्या लग्नातल्या भटजींनी. आता भायखळ्यातूनही आलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. नवरात्र म्हणजे नवी सुरुवात. निश्चय: डॉलर परत आणायचे. हितेंद्रला सांगायचं की काळ्यांत आईच्या आठवणी आहेत. आईने त्यांना कधी हात लावला नव्हता, पण ते त्याला कशाला सांगायचं.

फोन केला. मीटिंग. पुन्हा केला. पुन्हा मीटिंग. एवढ्या मीटिंगा करून माणसं बोलतात तरी काय? आमच्या ऑफिसात वर्षातून एक होते आणि तीही वडापावसाठी.

२४ सप्टेंबर, बुधवार

जाऊन आलो.

टॉवरखाली गरबा चालू होता. सगळे चकाचक. प्रिती काळी साडी नेसून लिफ्टमधून उतरली. गळ्यात काळपट चांदीची मोठी माळ. मधोमध माझे दोन डॉलर.

तिने कौतुकाने दाखवले. म्हणाली, भावोजी, ऑक्सिडाइज्डची फॅशन आहे ना, बाकीच्या बायका डुप्लिकेट घालतात, माझं ओरिजिनल. गणपतीतच माझ्या मनात भरले होते, पण मागायचं कसं? तुम्हीच देऊ केलेत, किती बरं वाटलं.

मी विचारलं, अडकवले कसे? ती म्हणाली, भोक पाडून घेतलं. सोनार कडेला कडी जोडतो म्हणत होता, मीच म्हटलं, निसटेल, आरपारच पाडा.

मी तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. हितेंद्रने पाणी आणून दिलं. थंड, बाटलीतलं. दादा, बीपी का, म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. गरब्यातले लोक त्याच्याकडे बघून, काय चांगला भाऊ आहे, अशा माना हलवत होते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

लॉयडकरवी अंकलना फोन. भोक पडलं असेल तर? अंकल म्हणाले, मग ते पण चांदीच्या भावात गेले.

म्हणजे हितेंद्रलाही काही मिळणार नाही. दोघं सारखेच.

दुपारी डब्यातली भाजी संपवून लॉयडच्या डब्यातलाही एक कटलेट खाल्ला. संध्याकाळी घरी येताना केळी घेतली. किती दिवसांनी मोकळं वाटतंय. बीपीवर औषधापेक्षा न्याय चांगला. देव आहे.

कालिंदीला सगळं सांगितलं. तिने केळी सोलता सोलता ऐकलं आणि म्हणाली, पण ते तुमचे होते ना? तिला कुठल्याही गोष्टीतली चांगली बाजू बघता येत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. कालिंदीचं वाक्य डोक्यातून जात नाही. सराफाकडे दोन्ही डॉलर विकून मोकळं व्हावं असं ठरवलंय. दसऱ्यानंतर. आता किंमत माहीत आहे, त्यामुळे कुणी फसवू शकणार नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

हितेंद्र आणि प्रिती सोनं द्यायला आले. माळ तिच्या गळ्यात होती. बाबांना दिसली नाही.

आपट्याची पानं हातात घेऊन बाबा एकदम बोलायला लागले. जग्या, मला म्हणाले, तुझे डालर बरे आसत मां? म्हणाले, बोटीर एक म्हातारो गोरो इंजिनेर होतो, तेना सांगितल्यान, ही दोन अक्षरावाली घासू नको, आसत तशी ठेव, पुढे लय मोल येतला. तुझो जल्म झालो तेव्हाच ती तुझ्या नावान ठेवलंय. तुझ्या आवशीक सांगान ठेवललंय, हितूची घास, पण जग्याच्यांक बोट लाव नको. ती बिचारी हात आखडून घेई.

पुढे म्हणाले, हितून नोकरीक लागल्यार एकदा मागल्यान. मी नाय म्हटलंय. हितू आपला आपण करतलो. जग्याक कायतरी व्हया.

कालिंदी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मला बाबांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि तिथून उठून जावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

बाबांनी विचारलं, खंय ठेवलंस ती?

मी तोंड उघडायच्या आत हितेंद्र म्हणाला, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलीत दादाने. अगदी सेफ. प्रितीने पदर ओढून गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतला आणि खाली बघत राहिली. तिचे डोळे भरले होते.

बाबा खूश झाले. लॉकराची अक्कल कोणाची, म्हणाले.

हितेंद्र माझ्याकडे बघत होता. तुझीच म्हण, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

मी म्हटलं, हितेंद्रची.

बाबा म्हणाले, वाटलाच माका.