वर्गात मला म्हातारी केलं

प्रिय दादास, धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. वहिनीला सांग, काळजी नको. तिची पाठ आता कशी आहे?

या आठवड्यात वर्गात मला म्हातारी केलं. वृद्धांची शुश्रूषा शिकायची म्हणून अंगात वजनाचं जाकीट, डोळ्यांवर धुरकट चष्मा, कानांत बोळे, गुडघ्यांना घट्ट पट्टे. माझी मैत्रीण नर्स झाली आणि मला भरवायला बसली.

भरवताना तिच्या दुसरीशीच गप्पा चालल्या होत्या. तोंडातला घास गिळायच्या आत पुढचा चमचा यायचा. थांब म्हणून मी हात वर केला, तर तो खाली दाबत ती ओरडली, "आजी आज हट्टाला पेटल्यात!" सगळ्या हसल्या. चष्म्याआड मला रडू आलं, ते कुणाला दिसलंही नाही.

शेवटी बाईंनी तिला विचारलं, "पुरे का, म्हणून एकदा तरी विचारलंस त्यांना?" ती ओशाळली. मी जाकीट काढलं आणि मोकळी झाले.

बाबांना ते काढता येत नाही, दादा. तू दमतोस, मला ठाऊक आहे. लांब बसून शिकवणं सोपं, असंही म्हणशील. म्हण. पण त्यांना भरवताना मोबाईल बाजूला ठेवतोस का? त्यांच्याशी बोलतोस का?

परवा आपण फोनवर बोलत होतो, तेव्हा मागून त्यांनी विचारलं, "कोण आहे रे?"

तू म्हणालास, "कोणी नाही. झोपा तुम्ही."

मी होते, दादा. एवढं त्यांना आजच सांग.

तुझी,
धाकटी