पिवळ्या ठिपक्याचं पुढे काय झालं?

प्रिय ताई,

फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहितीये. तू "हॅलो, हॅलो, आहेस ना गं?" करत राहतेस आणि मी इकडे नुसती मान हलवत बसते. म्हणून लिहितेय. शाळा सोडल्यापासून एवढं लिहायची सवय गेलीये, तेव्हा चुका काढू नकोस.

इथे सगळं ठीक. लाँड्रीत मला शर्टांवरून कोटांवर बढती मिळालीये. इस्त्रीच्या खोलीत इतकी वाफ असते की कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही, मला तेच बरं वाटतं. मालकीणकाकू म्हणतात, "ही पोरगी कोटांशी बोलते, माणसांशी नाही." बाबा अजून शेजाऱ्यांना सांगतात की आमच्या थोरलीला माणसांचे ठिपके करायचा पगार मिळतो.

तू सुट्टीत आलीस तेव्हा जे दाखवलंस ते डोक्यातून जातच नाहीये. जेवणाच्या टेबलावर तुझा लॅपटॉप, पडद्यावर एक खोली, तिला एकच दार, आणि आत ठिपक्यांची ही गर्दी. तू सांगितलंस, एकेक ठिपका अगदी साधा आहे, त्याला दोन-तीनच गोष्टी कळतात. दाराकडे जा, कोणाला धडकू नकोस, मागून रेटलं तर पुढे सरक. अडकून बसा असं कोणीच सांगितलेलं नाही. तरी सगळे दाराशी येऊन गच्च अडकले! एकेकाकडे कितीही बघितलं तरी सगळे मिळून काय करतील ते कळत नाही, त्याचंच गणित मी मांडते, म्हणालीस. मी मनात म्हटलं, हे तर आपलंच घर. आई साधी, बाबा साधे, पण दोघांना एकदम कुठे बाहेर जायचं असलं की बघ.

मग तू एक पिवळा ठिपका सोडलास. तो दाराच्या अलीकडे, जरा बाजूला, थांबूनच राहिला. बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंनी विभागले गेले आणि भराभर बाहेर पडायला लागले. तू टाळीच वाजवलीस. "ही तू आहेस, गोगलगाय! शाळेच्या जिन्यावर थांबायचीस ना, तश्शी. तुझ्यामुळे सगळे लवकर सुटतात!"

मला हसावं की रडावं कळेना. मी उठून भांडी घासायला गेले आणि घासलेलीच परत घासली.

ताई, मी जिन्यावर कोणाचं भलं करायला थांबत नव्हते गं. घंटा झाली की सगळी पोरं अंगावर यायची आणि माझे पायच हलायचे नाहीत. सगळे गेले की मी निघायचे, तोवर वर्गाचं दार लागलेलं असायचं. ते वाजवायचं, मग सगळ्या माना वळणार, बाई म्हणणार, "आल्या का राणीसाहेब?" त्यापेक्षा मी जिन्यातच बसायचे. आधी वर्ग सुटला, मग शाळाच. हे तुला माहितीये. पण तेच तुझ्या पडद्यावर बघितल्यापासून नुसता गोंधळ झालाय. घाबरून थांबणं आणि दुसऱ्याला वाट देणं बाहेरून सारखंच दिसतं का? ठिपक्याला विचारता येत नाही. मला विचारलंस तर मलाही सांगता येणार नाही. कधी वाटतं, चला, कोणाच्या तरी उपयोगी पडले. कधी तुझा रागच येतो, न विचारता मला त्या खोलीत नेऊन ठेवलंस म्हणून. दोन्ही एकदम वाटलं की कॉलर करपते. काकूंना वाटतं इस्त्रीच बिघडलीये.

आता का लिहितेय ते सांगते. तू ज्या संध्याकाळच्या वर्गात माझं नाव घातलंयस, तिथे सोमवारी जायचंय. परवा मी लांबूनच ती इमारत बघून आले. जिना अरुंद आहे. काकू म्हणतात, "जा गं, कोट काही पळून जात नाहीत." पण ताई, त्या दिवशी तू दरवेळी खोली जवळजवळ रिकामी झाली की प्रोग्राम बंद करायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, बहुतेक सगळे बाहेर पडले की आमचं काम झालं, उरलेल्या एक-दोघांनी आकड्यात फरक पडत नाही. पिवळा तेव्हाही तिथेच उभा होता गं. म्हणून एवढंच कर. एकदा मधे बंद न करता तो शेवटपर्यंत चालू दे, आणि बघ, सगळे गेल्यावर तरी तो दारातून जातो का. मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नकोस. जात नसेल तर त्याला काय शिकवायचं ते शिकव, आणि मलाही तेच सांग. सोमवारच्या आत फोन कर. या वेळी मी बोलेन. निदान हॅलो तरी.

तुझीच, अजून दाराशीच असलेली,
गोगलगाय