रोज काढलेलं चाक

प्रिय धाकटे,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, गाडीचं काय झालं, आणि मी दर वेळी म्हणतो, चाललंय काम. त्यापुढे मला काही बोलता येत नाही, कारण तुझा फोन आला की अण्णा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत बसतात. म्हणून हे पत्र. आज दुकान लवकर बंद केलं, कापडं बाजूला सारली आणि कापायच्या टेबलावरच कागद पसरला. सुरुवात करण्याआधी देवाचं नाव घेतलं. हे सरळ लिहिता येईल, अशी माझी मला खात्री नव्हती.

मागच्या महिन्यात अण्णांना ताप होता आणि आईची डोळ्यांची तपासणी पुढे ढकलण्यासारखी नव्हती. आईनेच त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली. ती चावी माझ्याकडे येण्याचे प्रसंग किती थोडे, ते तुला सांगायला नको. मला गाडी शिकवताना अण्णांनी हात टेकले होते. म्हणायचे, तुझा पाय शिलाई मशीनचा, एकदा दाबलास की दाबतच राहतोस. पण त्या दिवशी या मशीनच्या पायालाच कळलं. दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात मी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी थांबली, पण पायाखालची पट्टी मात्र हळूहळू खालीच जात राहिली, ओल्या मातीत पाऊल रुतावं तशी. शेजारी आई सारखी सांगत होती, आता डावीकडे, आता त्या पिवळ्या इमारतीपाशी वळ. मी म्हटलं, अगं, मला ठाऊक आहे रस्ता. तर म्हणाली, सवय झालीय रे. तिच्या या गाडीतल्या बडबडीला आपण लहानपणापासून हसत आलो, तसाच मी तेव्हाही हसलो.

घरी येऊन बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीत तळाशी जेमतेम काहीतरी उरलेलं. म्हणजे कुठून तरी गळतंय. रात्री चारही चाकांखाली पांढऱ्या अस्तराचे तुकडे पसरून ठेवले. बायको म्हणाली, गाडीला झबली शिवताय का. सकाळी मागच्या डाव्या चाकाखालच्या तुकड्यावर डाग होता. मला फार बरं वाटलं. डाग दिसला, आता काय, धुऊन निघेल, असंच वाटलं.

गाडी आपल्या फिटरकडे नेली. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी अण्णा अजून त्याला पोऱ्याच म्हणतात, आणि तोही त्या हाकेला ओ देतो. अण्णा दवाखान्याची गाडी चालवायचे तेव्हा त्यांनीच त्याला ब्रेकमधली हवा काढायला शिकवलं होतं. त्याने चाक काढलं, ड्रम उतरवला. आतल्या सिलिंडरचं रबर ओलंचिंब होतं. ते बदललं, गाडी घरी आली. आठवडा गेला नाही तोच उजव्या चाकाखाली डाग. तेही रबर बदललं, तर पुढच्या चाकाशी ओल. फिटर वैतागला. म्हणाला, दादा, एकाच वेळी सगळी रबरं म्हातारी होत नाहीत. मग त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि आतली रबराची चकती बाहेर काढली. ती फुगून लिबलिबीत झाली होती, पाण्यात राहिलेल्या बोटांच्या टोकांसारखी. परत झाकणात बसेना. त्याने टाकीतलं तेल दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि पेल्यातल्या पाण्यात थोडं ओतलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. हे काही मिसळलं, काही वर तरंगत राहिलं. यात इंजिनचं तेल पडलंय, तो म्हणाला. ते पडलं की सगळी रबरं फुगतात, मग इथून नाही तर तिथून गळतंच. मी घातलेलं नाही, असंही तो हळूच म्हणाला. ते त्याने सांगायची गरज नव्हती. मी तर आजवर ते झाकण उघडलेलंच नाही.

तुला जिन्याखालची फळी आठवते ना? तिच्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी. ब्रेक ऑइलच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा. अंधारातसुद्धा हाताला कळावं म्हणून अण्णांनी ती शिस्त लावून घेतली होती. रिकामी बाटली गेली की दोरा सोडून नव्या बाटलीला. तू एकदा खेळता खेळता तो दोरा बाहुलीच्या वेणीला बांधलास, तेव्हा जन्मात एकदाच ते तुझ्यावर ओरडले होते. दवाखान्याच्या गाडीत मागे माणूस झोपलेला असतो, चूक करायची सोय नसते, म्हणाले होते. मी घरी जाऊन पाहिलं. दोऱ्याची बाटली सीलबंद, तिच्यावर धूळ. इंजिनच्या तेलाची बाटली निम्मी रिकामी.

ती दोऱ्याची बाटली घेऊन मी अण्णांजवळ बसलो. सहज विचारल्यासारखं विचारलं, हा दोरा कशाचा हो? त्यांनी बाटली हातात फिरवली, दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दोरा तुझ्या दुकानातला, आणि विचारतोस मला?" मी हसलो. अण्णांची थट्टा अशीच असते. हसता हसता त्यांच्याकडे पाहिलं, तर ते हसत नव्हते. मी खरंच सांगेन म्हणून वाट बघत होते.

स्वयंपाकघरात आई उभी होती. मला वाटलं होतं, तिला कसं सांगू. पण तिनेच माझ्या हातातली बाटली घेऊन पदराने पुसली. तिला ठाऊक होतं, गेल्या वर्षापासून. आधी अण्णा दवाखान्याच्या वळणावर कुठे वळायचं ते विसरून अडखळले, मग बाजारातून घरी येताना. गाडीत बोलायची ती पूर्वीपासूनच, पण तेव्हापासून प्रत्येक वळण यायच्या आधीच सांगते. धाकटे, तिला समोरचा सिग्नल नीट दिसत नाही, आणि त्यांना पुढचं वळण आठवत नाही. ते बघायचे, ती सांगायची. दोघं मिळून एक ड्रायव्हर होते, आणि आपण मागे बसून हसत होतो. देवाने त्यांना इतके दिवस सांभाळून आणलं, एवढंच मी म्हणू शकतो. पण यापुढेही तूच सांभाळ, असं त्याला म्हणायची माझी छाती होत नाही. चालणारी माणसं रस्त्यावर असतात, त्यांचाही देव तोच आहे.

गाडी तर केव्हाच झाली. फिटरने नळ्या धुतल्या, सगळी रबरं नवी घातली, हवा काढली. ब्रेक आता दगडासारखा घट्ट लागतो. पण गाडी झाली म्हणून सांगितलं की अण्णा आईला घेऊन निघणार, आणि नको म्हणायला आमच्यापैकी कोणाची जीभ उचलेना. मग फिटरनेच तोडगा काढला. अण्णा रोज सकाळी पायी त्याच्याकडे जायचे. ते यायच्या आधी तो एक चाक काढून ठेवायचा आणि म्हणायचा, सामान आलं नाही अजून. अण्णा उलट्या डब्यावर बसायचे, चहा घ्यायचे, त्याला पोऱ्या म्हणून चार गोष्टी ऐकवायचे आणि परत यायचे. संध्याकाळी तो चाक बसवायचा. गाडी उघड्यावर असते, जॅकवर रात्रभर कशी ठेवणार.

गेल्या आठवड्यात एकदा मीही तिथे होतो. अण्णा नेहमीसारखे डब्यावर बसले. बराच वेळ त्या काढलेल्या चाकाकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "पोऱ्या, चाक रोज काढत जाऊ नकोस. नटांचे आटे जातील." फिटरने हातातला पान्हा खाली ठेवला. अण्णांनी चहा संपवला, पेला विसळून ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून घरापर्यंत चालत आले. वाटेत वळणापाशी क्षणभर थांबले, आणि मी आधी पाऊल टाकेपर्यंत थांबून राहिले.

तेव्हापासून ते तिकडे गेलेले नाहीत. गाडीचा विषयही काढत नाहीत. फक्त सकाळी खिशातून चावी काढतात, रुमालाने पुसतात आणि परत ठेवतात. त्यांना सगळं कळलंय, धाकटे. आणि थोड्या दिवसांनी कदाचित हेही कळलेलं उरणार नाही. म्हणून घाई आहे, म्हणून लिहिलं. सुट्टी काढून ये. चावी तू माग. मी मागितली तर ती काढून घेतल्यासारखी होईल, तू मागितलीस तर सोपवल्यासारखी. अण्णा तुला गाडी शिकवायला मोकळ्या मैदानावर घेऊन गेले, त्या पहिल्या दिवशी तू चावीसाठी कसा हात पुढे केला होतास, तसाच कर, बाकी काही बोलू नकोस. मग आम्हाला सगळ्यांना एक चक्कर मारून आण. आई मागे बसेल आणि वळणं सांगेल. ठाऊक असली तरी तिला सांगू दे. अण्णांना पुढे तुझ्या शेजारी बसव. तू शिकत होतीस तेव्हा प्रत्येक चौकात त्यांचा उजवा पाय आपोआप खालची चटई दाबायचा, आठवतं? आताही दाबेल. तू समोर रस्त्याकडे बघ.

तुझाच, नेहमीसारखा मागच्या सीटवर बसणारा,
दादा