वाकड्या दांड्याचे वल्हे आणि माझी खोटी साक्ष

मी, वय वर्षे बहात्तर, धंदा लाकडी वल्ही घडवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. परवा हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई "काळजी करू नका" असे तीनदा म्हणाल्या, तेव्हाच मी कागद मागवला.

१. राहते घर पत्नीला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली गळती काढायचे मी चार वर्षे टाळले, त्याबद्दल तिची माफी.

२. रंधे व पटाश्या शेजारच्या सुताराला. मोठा रंधा त्याने पूर्वीच नेला आहे, तो परत मागू नये.

३. हे कलम लांब आहे, मसुदा तपासणाऱ्या वकीलबाईंनी ते कापू नये. सरळ दांड्याचे वल्हे कसेही धरा, चालते. वाकड्या दांड्याचे वल्हे वेग देते, पण त्याला उलट-सुलट बाजू असते. घाईत ते फसवते. एकोणीस वर्षांपूर्वी दोघांच्या होडीच्या शर्यतीत मी पुढे होतो, धाकटा भाऊ मागे, होडी वळवायला. नदी चढली होती. तो म्हणाला, "दादा, मला सरळच दे. पुलाखाली वळवावं लागेल."

वाकडे वल्हे माझी नवी घडण होती आणि काठावर गिऱ्हाइके उभी होती. मी म्हणालो, "घाबरलास का?" त्याने ते घेतले.

पुलाखाली भोवऱ्याने होडी ओढली. "वळव!" मी ओरडलो. त्याने वल्हे पाण्यात रोवले, ते हातातच पालटले. होडी खांबावर आदळली, त्याचा खांदा मध्ये चिरडला.

आमच्या होडी क्लबच्या चौकशीत मी म्हणालो, "वल्हं त्यानंच निवडलं." चढलेल्या नदीत असले वल्हे घेतल्याचा ठपका ठेवून क्लबने त्याला काढून टाकले. त्याने माझ्याशी बोलणे सोडले. मी खोटे बोललो. वल्हे मी निवडले होते. हे कलम क्लबच्या सभेत मोठ्याने वाचावे.

४. ~~कारखाना धाकट्या भावाला.~~ खोडण्याचे कारण असे: काल मी मसुदा घेऊन त्याच्या दारात गेलो. भावजय दार लावू लागली. तो म्हणाला, "येऊ दे." त्याने उभ्याउभ्या वाचले, कलम तीन दोनदा.

"साक्षीदार कोण?" त्याने विचारले.

"एक डॉक्टरीणबाई. दुसरा मिळायचाय. ज्याला काही द्यायचंय, त्याला साक्षीदार होता येत नाही म्हणे."

"मग माझं नाव खोड. मी होतो साक्षीदार."

५. कारखाना त्याच्या मुलीला. यंदा शर्यतीच्या होडीत मागे ती बसते. वल्हे तिने स्वतः निवडावे. कोणी तिला भित्री म्हणू नये.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याची इच्छा नाही.

स्थळ: माझा कारखाना
दिनांक: अकरा मार्च
सही: वल्ही घडवणारा

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई. लिहून देणारे शुद्धीवर आहेत. नाडी जलद.

साक्षीदार २: लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर झाली. कलम तीन खरे आहे. मी तिथे होतो.