चौथ्या डबीवरचा ठिपका

२९ सप्टेंबर २००३, सोमवार

चंदर गाडी घेऊन आला. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली! शेणव्याच्या नाक्यावर अशी गाडी कधी थांबली नसेल. माझ्या दुकानापुढे जळक्या पंपाच्या मोटारी पडलेल्या, त्यांच्यात ती उभी. मलाच लाज वाटली.

चंदर माझा धाकटा भाऊ. टोकावड्याकडे मुंबईच्या एका शेठचं फार्महाऊस आहे, तिथली राखण करतो, गाडीही चालवतो. हौसेने बॉनेट उघडून पाइपाने धुतली म्हणे. पाणी शिरलं. चाकांचे धक्के झेलणारे शॉकअप कडक-नरम करायचं एक बटण आहे, ते दाबून आता काहीच होत नाही. नवीन पार्ट जपानहून येणार, तीन महिने. शेठने सांगितलंय, दुरुस्त करून आण नाहीतर घरी बस.

"दादा, नाय झाला तर मी कामावरना गेलो."

लहानीला, त्याच्या बायकोला, सातवा महिना चालू आहे. ठेव म्हटलं गाडी. दुसरं काय म्हणणार?

३० सप्टेंबर

उघडून बसलो. प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर एक डबी. डबीत बोटाएवढी मोटर. ती शॉकअपमधली दांडी पाव फेरा फिरवते — इकडे नरम, तिकडे कडक. बास, एवढंच! अठरा वर्षं पंपांचं वाइंडिंग करतोय, ही तर त्यांची नात.

दोन मोटारी जळल्यात. एका डबीतल्या प्लास्टिकच्या चक्राचे दात गेलेत. चौथी नुसती गंजलीय.

१ ऑक्टोबर

तार केसाएवढी. चष्मा लावूनही दिसत नाही, बोटाने चाचपत भरली. सहा वेळा तुटली. एक मोटर झाली.

२ ऑक्टोबर

दुसरी मोटर झाली. दुपारी शेठ दुसऱ्या गाडीने येऊन बघून गेला. माझ्याशी बोललाच नाही. चंदरला म्हणाला, "हे पंपवाल्याचं काम आहे का?"

मी तिथेच उभा होतो. हात काळे, म्हणून नमस्कारही केला नव्हता. रात्रीचं जेवण गेलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जुन्या टेपरेकॉर्डरमधलं चक्र घासून घासून बसवलं. बसलं! चारी डब्या बॅटरीवर फिरल्या. सावळीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, एवढंसं फिरवायला पाच दिवस? बायकोपुढे काय शहाणपण सांगायचं.

आता बसवणं. खरी गोम तिथे आहे. दांडी आणि डबी एकाच बाजूला पाहिजेत. एक जरी उलटी बसली तर तीन चाकं कडक आणि एक नरम. सपाटीला कळणार नाही, पण घाटात वळणावर गाडी त्या कोपऱ्यात खाली बसणार. म्हणून प्रत्येक डबीला नरम बाजूला लाल ऑइलपेंटचा ठिपका देतोय. तीन झाल्या आणि लाइट गेली. चौथी उद्या.

४ ऑक्टोबर

उद्या कसली! आज खंडेनवमी, हत्याराला हात लावायचा नाही, हे डोक्यातच नव्हतं. सावळीने पाने, पकडी, व्हाइस सगळं धुऊन मांडलं. कुंकू तेलात कालवते ती, लोखंडावर टिकतं. मी झेंडूची माळ गाडीला घातली. दिवसभर नुसता बसून. हात शिवशिवत होते.

५ ऑक्टोबर, दसरा

पूजा आटोपून लगेच कामाला. शेठ दारात, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय. ठिपके बघून चारी डब्या बसवल्या. बटण दाबलं — चारीकडून बारीक घर्र! चंदरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शेठ डोळखांब रोडला फेरी मारून आला. उतरला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, तू तर इंजिनियर निघालास." अख्ख्या नाक्यासमोर म्हणाला. चंदरचं काम टिकलं. उद्या सकाळी दोघं माळशेजमार्गे पुण्याला निघणार. जाताना चंदर पाया पडला.

तोच दिवस, दिवेलागण

सोनं वाटून घरी आलो. सावळी सहज बोलली — "त्या डब्यांना तुमी आधीच कुंकू लावलेला. तिघींना लावला नि एकलीच भुंडी ठेवली. मंग मीच लावला तिला."

कुठे लावलास, विचारलं. तिने बोटाने दाखवलं. बरोबर समोर, मधोमध, कपाळावर लावतात तसं. ती कडक बाजू. चौथी म्हणजे पुढची डावी. चौथीचा ठिपका राहिलाय हे मी सकाळी साफ विसरलो. चार लाल दिसले, चार बसवले.

धावत नाक्यावर पीसीओला गेलो. फार्महाऊसचा नंबर लावला. नुसती घंटा वाजत राहिली. तीनदा लावला, कोणी उचलला नाही. काय करू? पुण्याहून आले की चंदरला बोलावून गुपचूप फिरवून देईन. शेठला कळायचंही नाही.

६ ऑक्टोबर

माळशेज घाटात. चंदर गेला.

९ ऑक्टोबर

शेठचा पाय मोडलाय, बाकी ठीक आहे. त्याने पोलिसांना सांगितलं, चंदर वेगात होता, वळणावर ताबा सुटला. तसंच लिहून घेतलं. गाडी डाव्या अंगावर गेली. मी खाली बघत होतो.

लहानी भिंतीला टेकून बसलीय. कपाळ मोकळं. मला म्हणाली, "दादा, ते कदी जोरात चालवीत नव्हतं. तुमी सांगा ना त्यांना."



२ डिसेंबर

लहानीला मुलगी झाली. नाक चंदरचं.

२१ ऑक्टोबर २००४

खंडेनवमी. सावळीने कुंकू कालवलं, हत्यारं मांडली. तिला अजून काही माहीत नाही. मी सांगणार नाही.

ती आत गेल्यावर ही वही मागे उलटली. दसऱ्याच्या दिवशी लिहिलंय — घंटा वाजत राहिली, तीनदा लावला. खोटं आहे. पीसीओच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. फोन लावलाच नाही.

चंदरचं काम जाईल म्हणून नाही. शेठ मला इंजिनियर म्हणाला होता.