दुसरीची वायर

२ फेब्रुवारी

आज या घरात आले. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. गॅलरी इतकी अरुंद की तिथे दोघांनी उभं राहायचं तर आधी लग्न झालेलं बरं. सासूबाईंनी दार उघडलं, हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाल्या, आता हे घर तुझं.

नवऱ्याची पहिली बायको जाऊन वर्ष झालं. भिंतीवर तिचा फोटो नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

खिडकीपाशी कॉम्प्युटर आहे. तो तिचा. माझ्या कामासाठी नवऱ्याने त्यात एक दुसरी हार्ड डिस्क बसवून घेतली आहे. पहिलीतलं काही पुसलेलं नाही. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते, ती आता या दुसरीवर राहतील. लोक बायकोला दागिना देतात, मला जागा मिळाली. मी खूश आहे.

५ फेब्रुवारी

कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लावतो. बटण दाबून मी कपडे वाळत घालायला जाते, बादली रिकामी करून येते, तरी पडदा काळाच. आतून टक्, टक्. मग शांत. मग पुन्हा टक्.

नवराही तसाच. सकाळी डोळे उघडतो, पलंगाच्या कडेला बसतो, काहीतरी पुटपुटतो आणि माझ्याकडे बघत राहतो. बस चुकलेला माणूस रस्त्याकडे बघतो तसा. मग एकदम म्हणतो, अगं, चहा टाकतेस ना.

सासूबाईंना म्हटलं, दोघं एकाच माळेचे मणी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आधी असा नव्हता तो.

९ फेब्रुवारी

दुरुस्तीवाला आला. झाकण काढून आत फुंकर मारली आणि म्हणाला, वहिनी, एवढ्या धुळीत भाजी पिकेल. मग समजावलं. मशीन उठलं की आत कोण कोण आहे त्यांना हाक मारतं. पहिली डिस्क लगेच ओ देते. दुसरी देत नाही. तिची ओ येईपर्यंत मशीन बिचारं ताटकळत बसतं.

त्याने दुसरीची वायर काढून बटण दाबलं. पडदा लगेच उजळला. म्हणाला, बघा, सवत घरात आली की असंच होतं. मीही हसले. माझ्या डोक्यात सवत म्हणजे ती होती. तो बोलत होता माझ्या डिस्कबद्दल.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, दुसरी काढूनच टाकावी लागेल का. तो म्हणाला, कशाला मावशी, आतच राहू द्या. नुसती वायर काढून ठेवायची. जागेवर असते, पण नसल्यासारखी.

मी वायर परत लावून घेतली. माझं सगळं काम तिच्यावर आहे. हळू तर हळू.

१४ फेब्रुवारी

त्याचं पुटपुटणं आज नीट ऐकलं. ते तिचं नाव आहे. रोज सकाळी तो तिला हाक मारतो, आणि ओ येत नाही म्हणून थांबून राहतो.

सासूबाईंना हे ठाऊक होतं. भाजी चिरता चिरताच म्हणाल्या, मग ओ दे की. त्याने काय अंगाला भोकं पडणार आहेत? मी म्हटलं, मला माझं नाव आहे. त्या म्हणाल्या, आहे ना. कुणी घेतं का पण?

खोलीत येऊन आठवत बसले. आल्यापासून कुणी घेतलेलं नाही. अगं. सूनबाई. वहिनी.

ओ देणार नाही. एवढं एकच माझं म्हणून घेऊन आले आहे.

१८ फेब्रुवारी

तो उठायच्या आत सासूबाईंनी मला गॅलरीतून कपडे आणायला धाडलं. दोरीवर कपडे नव्हते. मागे कडी लागली.

काचेतून पाहिलं. त्याने डोळे उघडले, हाक मारली आणि लगेच उठला. थांबला नाही. शीळ घालत दाढी केली. म्हणजे त्याला ओ मिळाली. आत सासूबाईंखेरीज कुणी नव्हतं, आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

कडी काढताना म्हणाल्या, पाहिलंस? कसा झटकन चालू होतो.

२१ फेब्रुवारी

सासूबाईंनी तीन ताटं मांडली. तिसऱ्यावर मी बसले. कुणी ऊठ म्हणालं नाही. दोघं नुसती थांबली. अन्न निवत गेलं. शेवटी मी उठले, तेव्हा जेवायला लागली.

तिसरं ताट पालथं नव्हतं. वाढलेलं होतं, पण माझ्यासाठी नाही.

२३ फेब्रुवारी

नवऱ्याला सरळ विचारलं, मी तुम्हाला नको आहे का. राग आला असता तरी चाललं असतं. त्याने माझ्या हातातून पाण्याचा पेला घेतला, टेबलावरून उचलावा तसा.

दुपारी दुरुस्तीवाला. मी बोलावलं नव्हतं. वायर काढली, झाकण बसवलं, स्क्रू आवळले. मी मध्ये पडले, ओरडले. त्याने स्क्रू हातात तोलला आणि पुढचा लावला. जाताना सासूबाईंना विचारलं, आतच आहे ना ती अजून? त्या म्हणाल्या, आहे. असू दे. आता त्रास नाही तिचा.

बोलताना दोघंही खोक्याकडे बघत नव्हती.

२४ फेब्रुवारी

आईला फोन केला. आई हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मी तिला सगळं सांगत होते — रडत होते. ती बाबांना म्हणाली, कुणी बोलतच नाही. ठेवला.

जिन्यात शेजारीण — सरळ अंगावर चालून आली, मीच बाजूला झाले.

२५ फेब्रुवारी

उद्या ओ देणार. तिच्या नावाला. अंगाला भोकं पडत नाहीत.

माझं नाव इथे लिहून ठेवावं म्हटलं. पेन टेकवून बसले. पहिलं अक्षर —

२६ फेब्रुवारी

त्याने डोळे उघडले. हाक मारली. मी पलंगाशीच होते. ओ दिली. मोठ्याने.

त्याने मान वळवली. हसला. माझ्याकडे — नाही, माझ्या पलीकडे.

ओट्याशी भांडं वाजलं. सासूबाई तर इथे दारात उभ्या — मग तिकडे —

माझ्याआधीच कुणीतरी ओ —

चहा टाकलाय, म्हणतेय. हा आवाज — हा माझा आव