ओल्या अंगणातला अकरावा हात

३ फेब्रुवारी, सोमवार
अंगणात आज परत खुणा. डावा पाय सरळ, उजव्या टाचेचा अर्धा गोल. म्हाताऱ्याचाच पवित्रा! जाऊन चार महिने झाले, तरी माझं अंगण उकरतो. मी सांगते, सून लिहिते. संगिताला म्हटलं, "तुझा सासरा येऊन गेला, हेही लिही." म्हणाली, "आई, चहा गार होतोय." घाबरट.

४ फेब्रुवारी, मंगळवार
म्हाताऱ्याने तलासरीपासून चिखल्यापर्यंत पोरांना काठी शिकवली. दहा हात, म्हणजे काठीचे दहा डाव. एका चेल्याने भांडणात शेजाऱ्याचं मनगट मोडलं, तेव्हापासून अकरावा कुणाला दिला नाही. एकटाच करायचा, पहाटे. मला म्हणायचा, "आत जा." मी जायची. मला काय, झोप मिळायची. चहा संगिता न्यायची, कप घ्यायला थांबायची. बारा वर्षं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सुनिल आला. म्हाताऱ्याचा पहिला चेला, आता डहाणूत क्लास चालवतो.
"आजी, रविवारी गुरुजींच्या नावाने खेळ आहे. अकरावा तुम्ही कधी बघितला असेल तर सांगा. नाहीतर तो गुरुजींबरोबर संपला, असं माईकवर सांगून टाकतो."
"संपला तर म्हातारा रोज कशाला येतो?"
हसला नाही. जाताना खुणांना वळसा घालून गेला.
आता कळलं. हात कुणाला दिला नाही, म्हणून सुटका नाही त्याची. आज जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
खुणेपाशी दोन चिकू ठेवले. म्हटलं, दे कुणाला तरी, आणि जा. मग वाटलं — इतक्यात नको जाऊस.
संध्याकाळी अंगण सारवलं. मुद्दाम ओलं ठेवलं. पाय नीट उठू दे त्याचा.

८ फेब्रुवारी, शनिवार
उठला. वीत लावून बघितली. म्हाताऱ्याचा पाय वीत आणि वर चार बोटं. हा वीतभरच. अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्याची खाच.
म्हणजे तो आलाच नव्हता. एकदाही नाही.
लिही, संगिते. हात का थांबला? काठी त्याची वळचणीला आहे, उद्या तीच घे. सुनिलला म्हणावं, माईक खाली ठेव.
पण आधी मला दाखव. या वेळी मी आत जाणार नाही.